बॅटची खुर्ची

दाराला अडसर घालू नकोस, ओवन. आज दोन नोव्हेंबर. आज रात्री घरातली गेलेली माणसं परत येतात, त्यांच्यासाठी दार नुसतं लोटून ठेवायचं असतं. हसा, गाढवांनो, हसा. माझा फिनबारमामा मात्र ह्याला कधी हसला नाही.

एकोणीसशे वीस सालातली हीच रात्र. आयर्लंडातून इंग्रजांना हाकलायला बंदूक उचललेलं एकोणीस वर्षांचं पोरगं ते. शिवायला टाकलेले बूट चांभाराकडून आणायला अनवाणीच डोंगर उतरला. बूट हातात पडायच्या आधी सैनिकांची लॉरी आली. सापडला असता तर तिथंच गोळी घातली असती. तो शेतांतून पळत सुटला. समुद्राकाठच्या एका घरात उजेड होता, दार लोटलेलं होतं. आत शिरला आणि शेकोटीजवळच्या खुर्चीत कोसळला.

तिथंच चुकलं. आजच्या रात्री शेकोटीजवळची खुर्ची घरातल्या गेलेल्या माणसासाठी राखलेली असते, तिच्यात जिवंत माणसानं बसायचं नसतं.

आतल्या खोलीतून बाईचा आवाज आला.

"बॅट? आलास?"

ती हॅना. तिचा म्हातारा नवरा बॅट मे महिन्यात मासे धरायला गेला तो बुडाला. प्रेतही मिळालं नाही. मेणबत्ती घेऊन ती बाहेर आली आणि पोराला बघून ओरडली.

"ऊठ! ऊठ आधी! ती त्याची जागा आहे!"

"उठवत नाही, मावशी..."

"म्हणजे?"

"मागं कुणीतरी आहे. माझे खांदे धरलेत."

मागं नुसती भिंत होती.

बाहेर लॉरी थांबली. बूट वाजले. फिनबारनं धडपड केली... खांद्यांवरचा भार वाढला. गार. ओला. दार उघडलं. विजेरीचा झोत थेट त्याच्या तोंडावर आला.

शिपाई दारातच थबकला.

"आहे का रे तो?" बाहेरून अधिकारी ओरडला.

"नाही, साहेब. एक म्हातारा बसलाय..." शिपाई एक पाऊल मागं सरला. "आजोबा, तुम्ही... इतके भिजलात कसे..."

तो मागं वळला. दार तसंच टाकून पळाला. लॉरी गेली.

मग खांद्यांवरचं एकेक बोट सुटत गेलं...

हॅनानं मेणबत्ती जवळ धरली. पोराच्या कोटाच्या खांद्यांवर खाऱ्या पाण्याचे दोन पंजे उमटले होते. उजवा पुरता. डाव्याला तीनच बोटं. बॅटची दोन बोटं जाळ्याच्या दोरात तुटली होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"घरी आलास, आणि माझ्याशी एक शब्द नाही?" ती रिकाम्या भिंतीला म्हणाली आणि हमसून हमसून रडली. मग तिनं बॅटचे बूट काढून फिनबारच्या पायांत चढवले, त्याला मागच्या दारानं बाहेर काढलं आणि कोट ठेवून घेतला.

हॅना वारली तेव्हा तो कोट आमच्याकडं आला. तो काय, तुझ्या पाठीमागच्या खुंटीवर. पन्नास वर्षं शेकोटीसमोर टांगलेला आहे.

डाव्या खांद्याला हात लाव, ओवन.

...

ओला आहे ना?