लांडग्याच्या पाठीवरचा हात

किंकाळ्यांच्या आणि पांढऱ्या साड्यांच्या गोष्टी ऐकायच्या असतील तर दुसरीकडे जा, बाबांनो. ही एका लांडग्याच्या केसांची गोष्ट आहे. दिवा तेवढा इकडे सरकवा, म्हणजे मला तुमची तोंडं दिसतील.

तर, झिपरीकाकू. जुन्या बाहुल्यांचे, कापडी अस्वलांचे, शोभेच्या प्राण्यांचे केस धुऊन, विंचरून, नीट बसवून द्यायचे, हा तिचा धंदा. आणि स्वतःच्या डोक्यावर मात्र कायम घरटं! "दिवसभर दुसऱ्यांच्या झिपऱ्या उपसते, माझ्यासाठी हातात जीव उरतोय कुठे?" असं तीच म्हणायची. तिच्या जोडीला दुकानात बसायच्या तिच्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे वन्सं. काकूनं विंचरायचं, वन्संनी उसवलेलं शिवायचं. दिवसभर एकमेकींना टोचून बोलायच्या, पण एकीनं चहा घेतला नाही तर दुसरीच्या घशाखाली उतरायचा नाही.

थंडीचे दिवस होते. सकाळी दुकान झाडून होतंय तोच दाताचे डॉक्टर खोका घेऊन आले. हे जुनं गिऱ्हाईक. घरी त्यांचं काचेचं कपाट होतं, त्यात जगभरातून जमवलेले प्राणी, आणि त्या सगळ्यांचा राजा आज खोक्यात होता. हातभर उंचीचा, बसलेला लांडगा. अंग कडक, कोरीव. पण कपाळापासून निम्म्या पाठीपर्यंत खऱ्या लोकरीचे लांब रुपेरी केस. असे लांडगे मोजकेच बनले होते, आणि हौशी लोक त्यांच्यासाठी जीव टाकायचे.

"केस बसवून द्या काकू," डॉक्टर म्हणाले. "खोक्यावरच्या चित्रात आहेत तसे. मानेवर फुगवलेले, कपाळावरून मागे घेतलेले. आणि हे पाठीवरचं तर आधी घालवा."

काकूनं चष्मा नाकावर घेतला. केस लावलेल्या कापडाला एक कल असतो, सगळे केस एकाच बाजूला झुकतात. लांडग्याच्या पाठीवर ते मानेकडून शेपटीकडे होते. पण मधोमध, पेल्याच्या तोंडाएवढ्या जागेत, केस उलटे पडले होते, शेपटीकडून मानेकडे, दाबून बसलेले.

"बायको तासन्‌तास कपाटासमोर बसून असते," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "या डागाकडेच बघत बसते. जेवत नाही, बोलत नाही. मला वाटलं, हे नव्यासारखं झालं तर निदान… तेवढं तरी तिच्या डोळ्यांसमोरून जाईल."

आता इथे काकू चुकली. एरवी कुणी खेळणं आणलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "याच्याशी खेळतं कोण?" कारण कुणी बाहुलीची वेणी घातलेली असते, कुणी अस्वलाचा कान चोखून चोखून गुळगुळीत केलेला असतो, आणि असल्या खुणा पुसायच्या नसतात. पण ही पडली काचेआडची वस्तू. कपाटातल्या लांडग्याशी कोण खेळणार? तिनं विचारलंच नाही.

डॉक्टर गेले आणि ती कामाला लागली. आधी मऊ ब्रशनं धूळ झाडली. मग ओल्या फडक्यानं केस पुसले. मग किटलीच्या वाफेवर धरून तारेच्या ब्रशनं टोकांकडून मुळांकडे सोडवत आली. उलटे केस मोठे हट्टी. "वन्सं, हे मेलं तुमच्यावर गेलंय बघा, वळतच नाही," ती म्हणाली. वन्संनी नाक उडवलं. पण वाफेपुढे कुणाचं चाललंय? दुपारपर्यंत पाठ सपाट, चकचकीत. मानेवर आयाळ फुगवली, भुवया छोट्या कात्रीनं कातरल्या. लांडगा असा देखणा झाला की वन्संसुद्धा म्हणाल्या, "आज पहिल्यांदा धड काम केलंस."

दार वाजलं ते तेव्हाच. डॉक्टरांची बायको. पायांत दोन वेगवेगळ्या चपला, अंगावर घरातलीच शाल.

"आमचा लांडगा इथे आलाय का? कपाट रिकामं…" बोलता बोलता तिला तो दिसला. ती सरळ टेबलापाशी आली, पाठीवर हात ठेवला, आणि तिचा चेहरा विझला.

"पुसलंत?" ती म्हणाली. "सगळं पुसलंत?"

काकूला कळेना. मग ती बाई तिथेच, फरशीवर बसली, आणि हळूहळू बोलू लागली. लेक होती तिला. लहान. गेल्या थंडीत तापानं गेली. बापाचं कडक फर्मान होतं, कपाटाला हात लावायचा नाही. पण दुपारी तो दवाखान्यात गेला की आई कपाट उघडून द्यायची, आणि लेक लांडग्याच्या पाठीवरून हात फिरवायची. उलटा. नेहमी उलटा. केस तळव्याला टोचले की खुदुखुदू हसायची. कधी बापाला सापडली तर तो ओरडायचा, केस खराब होतील म्हणून. झालेच ते खराब, त्या एवढ्याशा तळव्याइतके.

"तिचे कपडे धुतले, काकू. उशीचा वासही गेला. हे तेवढं उरलं होतं. मी रोज त्यावर हात ठेवायची."

काकूच्या तोंडचं पाणी पळालं. "थांब पोरी, थांब," म्हणत तिनं लांडग्याच्या पाठीवर पाणी शिंपडलं, बोटांनी केस उलटे दाबले, वर फडकं बांधलं, वाफ दिली. फडकं सोडलं की केस सरळ. पुन्हा दाबले, पुन्हा सरळ. आयुष्यभर केस वळवण्यात गेलेली बाई ती, पण आज एक केस ऐकेना. शेवटी थोडेसे उलटे राहिले, तर ती खूण पसरट, बेढब.

"राहू द्या," डॉक्टरांची बायको म्हणाली. "हा तुमचा हात आहे."

ती उठून गेली. लांडग्याला नेलंही नाही. काकूनं केस होते तसे सरळ विंचरले आणि ती मोरीत जाऊन रडली. तिला स्वतःचा इतका राग आला होता की हातातला कंगवा तिनं भिंतीवर फेकून मारला. वन्सं त्या दिवशी एक शब्द टोचून बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. रस्ता सामसूम. वन्सं खुर्चीत पेंगत होत्या. काकू लांडग्यासमोर बसून होती, काम करायला हात उठत नव्हते. किटली गार होती, खिडकी बंद होती. आणि तिला आवाज आला… सूऽऽ… बारीकसा, शालीवरून हात फिरवावा तसा.

तिनं मान वर केली. काहीच नाही. लांडगा बसलेला, पाठ सपाट.

मग पुन्हा. सूऽऽ… आणि आता तिनं बघितलं. पाठीच्या मधोमध, शेपटीच्या बाजूनं, केसांची एक ओळ दबली. मग तिच्यापुढची. मग त्यापुढची. केस एका बाजूनं झोपत मानेकडे सरकत होते. थांबले. सरळ झाले. पुन्हा खालून वर, दाबून, सावकाश. ओल्या लोकरीच्या वासात आणखी एक वास मिसळला होता, लहान मुलाच्या घामेजलेल्या टाळूचा.

काकूच्या अंगावर सरसरून काटा आला.

"वन्सं…" ती कशीबशी म्हणाली. "वन्सं… बघा…"

वन्संनी डोळे उघडले. बघितलं. "वारा असेल," त्या म्हणाल्या.

"खिडकी बंद आहे हो…"

वन्संनी खिडकीकडे पाहिलं, मग लांडग्याकडे. त्या कधी कशाला घाबरायच्या नाहीत, पण हातातली सुई त्यांनी हळूच डबीत ठेवली. "हात लावू नकोस," त्या कुजबुजल्या. "तिचं तिला करू दे."

दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, एकमेकींचा हात घट्ट धरून. किती वेळ, कोण जाणे. आवाज थांबला तेव्हा लांडग्याच्या पाठीवर खूण उमटलेली होती. इवलासा तळवा, जसा होता तसाच.

संध्याकाळी काकूनं निरोप धाडला आणि नवराबायको दोघं आली. बायकोनं हात पुढे केला, मागे घेतला, मग ठेवला. तिचे डोळे मिटले. काकूला विचारलं नाही, की हे केलंत कसं. तिच्या हाताला कळलं होतं. डॉक्टर मात्र दाराशीच उभे होते, पोरक्यासारखे.

"मी ओरडायचो तिच्यावर," ते म्हणाले. "एवढ्याशा केसांसाठी ओरडायचो हो…"

बायकोनं त्यांचा हात धरून पाठीवर नेला. "सांगा तिला," ती म्हणाली. "आता कुणी ओरडणार नाही म्हणावं."

त्या माणसानं सांगितलं. हुंदक्यांतून, तुटक तुटक, पण सांगितलं. काकूनं पदर तोंडात कोंबला आणि वन्सं उगाच दोऱ्याची रिळं नीट लावत बसल्या. नंतर कळलं, घरी जाऊन डॉक्टरांनी कपाटाची काचच काढून टाकली.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं, नाही? पण पुढेही घडलं, त्याला मी काय करू.

बऱ्याच काळानं, पुढची थंडी सरून गेल्यावर, डॉक्टरांची बायको पुन्हा आली. अंगानं भरली होती, केसांत तेल, चेहऱ्यावर तेज. वन्संना "कशा आहात हो आत्या" म्हणाली, काकूच्या झिपऱ्यांवरून तिची चेष्टासुद्धा केली. काकूचा जीव भांड्यात पडला. पोर सावरली म्हणायची.

मग तिनं लांडगा बाहेर काढला आणि आवाज खाली आणला.

"एक काम होतं. केस फक्त निम्म्या पाठीपर्यंत आहेत ना? ते पुढे वाढवून मिळतील? शेपटीपर्यंत?"

"का गं? असाच तर शोभतो तो."

"शोभेसाठी नाही, काकू." ती हसली. असं हसली, जशी एखादी आई फ्रॉक आखूड झाल्याचं सांगताना हसते. "जागा पुरत नाही आता."

काकूनं चष्मा लावला. पाठीवरचे केस उलटे होते, नेहमीसारखे. पण खूण पेल्याच्या तोंडाएवढी राहिली नव्हती. तळवा रुंद झाला होता, बोटं लांबली होती, आणि जिथे केसांचं कापड संपून कोरीव अंग सुरू होत होतं, तिथे मनगटाकडची बाजू अर्धी कापल्यासारखी तुटली होती.

"वाढतीय," बायको म्हणाली. "हेही म्हणतात, तुझ्यावर जाणार उंचीला. आम्ही दोघं रोज रात्री हात ठेवून बघतो." आणि मग, एकदम केविलवाण्या आवाजात, "कराल ना काकू? नाही म्हणू नका. जागा नाही मिळाली तर ती कुठे जाईल?"

काकूनं वन्संकडे पाहिलं. वन्संनी नकारार्थी मान हलवली, अगदी बारीक. पण समोर ती आई उभी होती, काकूचा दंड धरून, आणि एकदा त्या आईचं सगळं पुसून टाकलं होतं ते काकूच्याच हातांनी. कशी नाही म्हणणार?

"ठेवून जा," ती म्हणाली.

ती गेली, तसं वन्संनी दार लावून घेतलं.

"आज हात आहे," वन्सं म्हणाल्या. "उद्या अख्खी उभी राहायला जागा मागेल. तेव्हा काय करशील?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," काकू म्हणाली. पण तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

तिनं गठ्ठ्यातून जुळत्या रुपेरी केसांचं नवंकोरं कापड काढलं. लांडग्याची पाठ मापून तुकडा कापला, केसांची बाजू वर करून टेबलाच्या एका टोकाला ठेवला आणि कलानं व्यवस्थित विंचरला. लांडगा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, पार लांब. बाहेर लख्ख ऊन होतं. वन्सं सुईत दोरा ओवत होत्या, आणि ओवता ओवता थांबल्या.

"अगं…" त्या म्हणाल्या. "इकडे…"

सूऽऽ…

त्या नव्या तुकड्यावर केस उलटे पडत होते. आधी तळवा. मग एकेक बोट, लांब, निमुळतं, घाईघाईनं. अजून टाका पडला नव्हता. अजून तो तुकडा कुणाचाच नव्हता.

दार उघडून रस्त्यावर पळावं असं काकूला वाटलं. पण तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि शेजारच्या घरातल्या पोरीला सांगावं तसं हलकेच म्हणाली,

"थांब की गं बाळ. आधी शिवून तर होऊ दे."

क्षणभर काहीच झालं नाही. मग तुकड्यावरचे केस सावकाश वर आले, आधी बोटांचे, मग तळव्याचे. कुणीतरी शहाण्या मुलीसारखा हात उचलून घेतला होता, आणि आता टेबलापाशी उभं राहून वाट बघत होतं.