घाटगे सरांचा ठेका

नलिनी खरातांच्या नव्या कॉम्प्युटरला पासवर्ड लागत नसे. समोर बसून दोन ओळी टाइप केल्या की तो त्यांना ओळखायचा आणि त्यांची कागदपत्रं पुढ्यात ठेवायचा. ‘बोटलय’ नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमची ही अगदी कच्ची आवृत्ती. ती वापरून पाहायला पुण्याच्या डॉ. इरावती सोमण यांनी मुद्दाम गडहिंग्लज भागातले जुने टंकलेखक निवडले होते. इतकी घोटलेली बोटं दुसरीकडे कुठे मिळणार? नलिनीताईंनी तिथेच तेहतीस वर्षं वकिलांचे दावे टाइप केले होते.

कल्पना तशी सोपी होती. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना प्रत्येकाचं बोट किंचित वेगळा वेळ घेतं, सेकंदाचा हजारावा हिस्सा इकडे किंवा तिकडे. हीच त्याची बोटलय. सही गिरवता येते, पासवर्ड चोरता येतो, पण बोटलय जन्माचीच असते, असं डॉ. सोमण ठासून सांगत. सगळ्यांचा मजकूर पुण्यातल्या एकाच यंत्रात राहायचा आणि लय जुळेल त्यालाच उघडायचा.

या भरवशावर नलिनीताईंनी एक गोष्ट लिहिली, जी त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती. सतराव्या वर्षी त्या गावातल्याच घाटगे सरांच्या टायपिंग क्लासला जात. सर लाकडी पट्टी टेबलावर आपटून ठेका देत, आणि चुकणारीच्या बोटांवर तीच पट्टी बसे. एके दिवशी शेजारच्या मंगलची बोटं रक्ताळेपर्यंत त्यांनी मारलं. बाकीच्या मुली खाली मान घालून टाइप करत राहिल्या. ‘ठेका चुकेल म्हणून मी थांबले नाही,’ नलिनीताईंनी लिहिलं. मंगलशी त्या पुन्हा कधी बोलल्या नव्हत्या. लिहून झाल्यावर त्यांना फार हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखाली एक ओळ होती. ‘मीही थांबले नाही.’ चौथ्या दिवशी अशा दहा ओळी झाल्या. एकीत मंगलच्या निळ्या रिबिनी होत्या, ज्या नलिनीताई साफ विसरल्या होत्या. त्यांनी डॉ. सोमणांना फोन लावला.

डॉ. सोमण यांनी तपास करून उलट फोन केला, तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

“नलिनीताई, यंत्राच्या मते त्या ओळी तुमच्याच आहेत. पण त्या आल्यात दहा वेगवेगळ्या कॉम्प्युटरवरून. यंत्राला वाटतंय, सगळीकडे एकच माणूस बसलाय.”

“त्या आमच्या क्लासच्या मुली असणार,” नलिनीताई म्हणाल्या. “आणि तो एक माणूस म्हणजे आम्ही नव्हे, मॅडम. घाटगे सर आहेत. सर जाऊन वीस वर्षं झाली.”

लय पट्टीनं ठोकूनही बसवता येते, हे डॉ. सोमणांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी उपाय सांगितला: लय मोडायची. मधेच थांबायचं, एखादं अक्षर रेंगाळू द्यायचं. दहा मिनिटं असं लिहिलं की यंत्र त्यांना वेगळं काढील आणि तो मजकूर दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.

“एवढंच ना? बोटं माझीच आहेत की हो,” म्हणत नलिनीताईंनी फोन ठेवला.

दर तिसऱ्या अक्षराला थांबायचं त्यांनी ठरवलं. तिसरं अक्षर आलं आणि गेलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. थांबायचं म्हटलं की पट्टीचा आवाज कानात येई, आणि बोटं घाईनं पुढे सरकत. त्यांना क्लासमधली तीच भीती वाटली. हात मागे घ्यायलाही त्या धजेनात.

तेवढ्यात त्यांच्या ओळींच्या खाली एकेक अक्षर उमटू लागलं. कुणीतरी त्यांच्याच वेगानं लिहीत होतं.

‘मी मंगल. आता तरी थांबा गं.’

नलिनीताईंनी ते वाचलं. त्यांचे डोळे भरून आले, समोरचं काही दिसेना. बोटं चालतच राहिली, आणि ठेका जराही चुकला नाही.