टरबूज कोणाच्या वावरातलं?

"पाहा न पुढं जाऊन, ताई. तुमची मर्जी." शेषरावांनी टरबुजावर थाप मारली आणि आवाज खाली आणला. "पण तिथल्या टरबुजाले रंगाचं इंजेक्शन देतात. अन् वावर कोणाचं हाय, कोणत्या लोकायचं हाय, तेही विचारून घेजा." मग ते पुतण्याकडं वळले. "काय रे हर्षल?"

"हाव," हर्षल म्हणाला. "मी पाह्यलं."

गाडीतून उतरलेल्या योगिनीताईंनी वळणावरच्या दुसऱ्या मांडवाकडं एकदा पाहिलं आणि इथलीच दोन टरबुजं डिकीत ठेवायला सांगितली. "शेगावहून परत येताना पुन्हा थांबू," असं सांगून त्या गेल्या.

जानेफळहून खामगावकडं जाणाऱ्या रस्त्यालगत शेषरावांचा मांडव होता. वर पाटी होती, 'थेट आमच्या शेतातून'. सुट्टी लागल्यापासून हर्षल रोज तिथं बसायचा. खामगावची त्याची आतेबहीण करिष्माही आता आली होती.

"इंजेक्शन तू खरंच पाह्यलं काय?" शेषराव पाणी प्यायला गेल्यावर तिनं विचारलं.

"काका म्हणते."

"मामाचं सोड. 'मी पाह्यलं' असं तू म्हटलं."

"तू पोलीस हाय काय वं?"

"होईन मोठी झाल्यावर. आता हे सांग. सकाळी आजीसंगं मी मामाच्या वावरात गेली होती. तिथले वेल सुकले, बकऱ्या चरून राह्यल्या. मग एवढी टरबुजं येतात कुठून?"

सावलीत बसून गाड्यांना हात करण्याच्या नादात हर्षल वावराकडं फिरकलाच नव्हता.

दुपारी दोघं वळणावरच्या मांडवात गेली. तो प्रेमानंदकाकांचा. त्यांची मुलगी धम्मशीला हर्षलच्याच वर्गात होती आणि हा मांडव तिच्याच हट्टानं उभा राहिला होता. मागं हिरवेगार वेल पसरले होते. पुढं टरबुजांचा ढीग तसाच पडून होता.

"गाड्या तुमच्याकडं थांबतात. इथून जाताना लोकं खिडकीतून पाहतात अन् काच वर घेतात," धम्मशीला म्हणाली. "काऊन, ते समजत नाही. शनिवारपर्यंत खपलं नाही, तर बाबा वावरातला सगळा माल टेम्पोवाल्या कुलदीपभाऊले देणार. आताही उरलेला माल तोच नेते, मातीमोल भावानं. जळगाव जामोदच्या बाजारात नेतो म्हणते."

मग तिनं हर्षलकडं पाहिलं. "तुमच्या मांडवात लोकं बोलत असतील न काही? तुले आलं काय ऐकू?"

हर्षल हातातल्या काडीची साल काढत राहिला. "नाही."

हे खोटं पहिल्यापेक्षा सहज बाहेर पडलं. ते त्याचं त्यालाच जाणवलं आणि त्याचे कान तापले.

करिष्मानं त्याच्याकडं रोखून पाहिलं, पण त्याचं बिंग फोडलं नाही. तिनं कुंपणाच्या बाभळीचा काटा मोडला. "टेम्पोत जाणाऱ्या टरबुजांवर खूण करू. कोणत्या बाजारात जातात ते कळन तरी." तिघांनी मिळून प्रत्येक टरबुजावर देठाजवळ बारीकसा तारा कोरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषरावांच्या घरामागं कुलदीपचा टेम्पो लागला. "हात चालवा रे पोरंहो," तो ओरडला. हर्षलनं पहिलं टरबूज घेतलं. देठाजवळ तारा. दुसऱ्यावरही तारा.

"लांब हाय हो जळगाव जामोद," करिष्मा पुटपुटली.

हर्षलला हसू आलं नाही. काका गिऱ्हाइकाला धम्मशीलाच्या मांडवापर्यंत जाऊच देत नव्हते. तिथला माल पडून राहायचा, स्वस्तात टेम्पोत चढायचा आणि इथं येऊन 'आमच्या शेतातला' व्हायचा. आणि काकांच्या शेजारी बसून साक्ष देत होता तो स्वतः.

"आजीले सांगू," करिष्मा म्हणाली.

"काका म्हणतील, पोरं खोटं बोलतात. अन् माह्या बाबतीत ते खरंच हाय."

दुपारच्या आत योगिनीताईंची गाडी परत आली. या खेपेला सोबत दोन लहान भाचे होते. "दादा, काय गोड टरबुजं होती! सालंसुद्धा कोरून खाल्ली सगळ्यांनी. एक विनंती आहे. या दोघांनी टरबुजाचा वेल कधी पाहिलेला नाही. तुमचं शेत दाखवता का?"

शेषरावांचा हात टरबुजावरच थांबला. "वावर... लांब हाय, ताई. पोरायले ऊन लागन. साप-किरडूही निंघते."

"लांब नाही," हर्षल म्हणाला. "चला, मी दाखवतो."

"हर्षल!"

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. करिष्मानं ताऱ्याचं एक टरबूज काखोटीला मारलं आणि भाच्यांना घेऊन ती निघाली.

वळणावर येताच योगिनीताई थबकल्या. "अरे, हे तर इंजेक्शनवाले ना?"

"तुम्ही नेलेली टरबुजं इथलीच होती," करिष्मा म्हणाली. तिनं टरबूज पुढं केलं. धम्मशीलानं तारा पाहिला आणि तिला सगळं समजलं.

"मग ते इंजेक्शन?"

हर्षल पायाच्या अंगठ्याकडं पाहत होता. "तसं काही नव्हतं. मी काहीच पाह्यलं नव्हतं. उगाच म्हटलं."

"म्हणून गाड्या थांबत नव्हत्या," धम्मशीला म्हणाली. एवढंच. ती चिडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

योगिनीताईंचाही चेहरा उतरला. "शेत कोणाचं ते विचारा, असं ऐकलं आणि मी न विचारताच इथं यायचं टाळलं," त्या हळूच म्हणाल्या.

वेलांमधून आलेल्या प्रेमानंदांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी करिष्माच्या हातातलं टरबूज घेतलं आणि ते चिरू लागले. तेवढ्यात शेषराव मोटरसायकलवर येऊन थडकले. भाच्यांना फोडी देऊन झाल्यावर प्रेमानंदांनी एक फोड त्यांच्यापुढं धरली.

"घ्या, शेषराव. तुमच्याच मांडवातलं हाय."

शेषरावांनी सभोवार पाहिलं. गिऱ्हाईक पाहत होतं, पुतण्या आणि भाचीही. त्यांनी फोड घेतली. खाता येईना, टाकता येईना. रस कोपरापर्यंत ओघळला. शेवटी त्यांनी एक घास घेतला, "गोड हाय," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

"या मुलानं मोठं धैर्य दाखवलं," योगिनीताई जाताना म्हणाल्या. त्यांनी गाडीत मावतील तेवढी टरबुजं घेतली होती.

"खरं हाय. सख्ख्या काकासमोर उभं राहणं सोपं नाही. शाबास," प्रेमानंद म्हणाले. त्यांचा हात खांद्यावर पडताच हर्षल आणखी खाली वाकला.

"शाबास नका म्हणू, काका. मले लाज वाटते." त्याच्या वाटणीची फोड ताटात तशीच राहिली.

"उद्या सकाळी येजो," धम्मशीला मध्येच म्हणाली. "गिऱ्हाइकाशी मी बोलीन. तू टरबुजं उचलजो. तोंड बंद ठेवून."

"हे मस्त हाय," करिष्मा म्हणाली. "मी पाहाले येईन."

संध्याकाळी शेषरावांच्या मांडवावरची पाटी उतरलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षल आला. तोंड मिटून त्यानं ढीग रचला, पाणी मारलं, गाड्यांमध्ये टरबुजं ठेवली. उन्हं चढली तेव्हा एक म्हातारे गृहस्थ थांबले आणि त्यांनी नेमकं त्यालाच विचारलं, "का रे बाळा, गोड आहे का?"

हर्षलनं धम्मशीलाकडं पाहिलं.

"सांग न," ती म्हणाली.

"मी अजून खाल्लं नाही."

तिनं सुरी उचलली, एक टरबूज चिरलं आणि मोठी लाल फोड त्याच्या हातात दिली. म्हातारे गृहस्थ गंमत पाहत उभे राहिले.

"आधी खाय," धम्मशीला म्हणाली. "मग सांग."