सिंकमधला बर्फ

"हिनेच घातलं काहीतरी!" सासूबाईंनी सुनेकडे बोट रोखलं. "ह्यांच्या पेल्यात. पोलीस येऊ देत, मी सरळ सांगणार."

सून भिंतीला टेकून उभी होती. 

कंपाउंडर हादरलाच. दवाखान्यातली नोकरी सोडून तो खासगी तपास करणाऱ्या टाचणीबाईंच्या हाताखाली आला, पण घरातल्या घरात असं ऐकायची सवय त्याला अजून झाली नव्हती.

दुपारी जेवणाआधी सुनेने लिंबूपाणी केलं. एकाच जगमधून चौघांनी घेतलं. सासऱ्यांनी दोन-तीन घोट घेतले आणि गळा धरून कोसळले. तोंड, घसा, आतून सगळं भाजलेलं. ते इस्पितळात होते आणि डॉक्टर एकच विचारत होते: पोटात नेमकं गेलंय काय? ते कळल्याशिवाय पुढचे उपचार ठरत नव्हते.

"चवीवरून कळलं नाही त्यांना?" कंपाउंडरने विचारलं.

"असं भाजतं ते बहुतेक आम्ल. आंबटात आंबट. कळणार कसं?" टाचणीबाई म्हणाल्या आणि सुनेकडे वळल्या. "पेले कुणी भरले?"

"मीच. पण बाबांनी बर्फ स्वतः घेतला. आम्हा तिघांचा घसा धरतो, आम्ही बर्फ घेत नाही."

मुलगा पुढे झाला. "बर्फात काही असणं शक्य नाही, बाई. फ्रिजमधलं बर्फाचं यंत्र मी कालच साफ केलंय. पाणी जड आहे आमचं, साच्यात क्षार धरतात. आमच्या कारखान्यातलं क्षार काढायचं औषध आणलं होतं."

"कारखान्यात कशाला वापरता ते?"

"बॉयलरला. पण रात्रभरात झालेला सगळा बर्फ मी सकाळी सिंकमध्ये ओतला. पहिला बर्फ टाकायचा असतो, एवढं कळतं मला. मग कामावर गेलो, तो थेट जेवायलाच परत आलो."

"घरात कुणाला सांगितलंत?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

सासूबाईंनी उठून पंख्याचं बटण बंद केलं. "खिडकी उघडी आहे की. वारा आहे तेवढा पुरे."

सगळे स्वयंपाकघरात गेले. कंपाउंडरने फ्रीजर उघडून आत हात घातला.

"अहो शहाणे! आधी प्लग काढा. तो बर्फ ढकलणारा दांडा फिरला तर बोट राहील आत."

प्लग निघाला. बर्फाची पेटी काठोकाठ भरली होती. त्यातला तुकडा सुटेना. सगळ्याची एकच ढेप झाली होती.

"एका वेळी किती तुकडे पडतात?" टाचणीबाईंनी विचारलं.

"आठ. मग साचा पुन्हा भरतो आणि गोठायला तास-दीड तास जातो," मुलगा म्हणाला.

"मग सकाळी रिकामी केलेली पेटी दुपारपर्यंत भरली कशी?"

कंपाउंडरच्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

"यंत्रातून पडलेला बर्फ सुटा राहतो. एकदा भिजून परत गोठला, तरच त्याचा असा गोळा होतो. हा बर्फ यंत्राने भरलेला नाही, माणसाने भरलाय. चिरंजीव कामावर होते. सूनबाईंना विष घालायचंच असतं, तर पेला त्यांच्या हातात होताच. पेटीभर बर्फ कशाला उचलतील? या घरात वाया गेलेलं कुणाला बघवत नाही?" टाचणीबाईंचा आवाज एकदम खाली आला. "आजी, सिंकमधला बर्फ तुम्ही उचललात ना?"

"उचलला की!" सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "एवढा चांगला बर्फ नुसता ओतून गेला हा. चाळणीत घेऊन दोनदा धुतला मी. अस्वच्छ नव्हता हं!"

"वरून धुतलात. औषध आत गोठलं होतं."

मुलगा मटकन खाली बसला. "आई... अगं, ते लोखंडावरचा थर खातं!"

"आणि ते तुम्ही खायच्या बर्फाच्या साच्यात घातलंत," टाचणीबाईंनी त्याला सुनावलं. "वर घरात कुणाला शब्दाने सांगितलं नाहीत."

सासूबाई पेटीकडे बघत राहिल्या. मघाशी सुनेवर रोखलेला हात त्यांनी पदराखाली घेतला. दवाखान्यात कंपाउंडरने मरणाच्या बातम्या घेणारे चेहरे पाहिले होते. असा चेहरा पाहिला नव्हता.

सुनेने औषधाची बाटली शोधून काढली, इस्पितळाचा नंबर लावला आणि बोलायला तोंड उघडलं. सासूबाईंनी तिच्या हातून फोन घेतला.

"डॉक्टर, मी त्यांची बायको. काय दिलं गेलं ते कळलंय. बाटली हातात आहे, सून नाव वाचून सांगेल." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी डोळे मिटले.

"मी," त्या म्हणाल्या. "मी दिलं."