फोटोतला अंगठा

माझ्या हातून झालेली चूक एका संध्याकाळी स्वतःच्या पायांनी चालत दुकानात आली, आणि वर हसलीसुद्धा.

मामाच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात मी काउंटर सांभाळते. मामा आत डोळ्याला भिंग लावून बसतो, बाहेरचं सगळं माझ्याकडे. दुरुस्त झालेलं घड्याळ हातात धरून फोटो काढायचा, काय काय बदललं त्याचा अहवाल टाईप करायचा आणि दोन्ही गिऱ्हाइकाला ईमेलने पाठवायचं. माझी जीभ बघून मामाने माझं नाव ‘चिमटी’ ठेवलंय.

तर, तो आला. फोन काउंटरवर ठेवून अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “मी आजोबांचं गजराचं घड्याळ दिलं होतं. तुमच्या पत्रात ते सोनेरी लेडीज घड्याळ झालंय. एवढी दुरुस्ती मी सांगितली नव्हती.”

माझ्याकडून दोन अटॅचमेंटची अदलाबदल झाली होती. माफी मागायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं भलतंच. “दोन दिवस हातात घालून बघा. कदाचित शोभेल.”

तो हसला… हसताना त्याचा उजवा डोळा आधी बारीक होतो, डावा मागून. पहिल्याच भेटीत हे माझ्या लक्षात आलं, त्याला माझा इलाज नव्हता.

तो प्रोग्राम लिहायचं काम करायचा. म्हणाला, एवढी पत्रं हाताने पाठवलीत तर असं होणारच. पावतीचा नंबर बघून ज्याचं त्याला नीटनेटकं पत्र पाठवणारा, फोटो आणि अहवाल आपोआप जोडणारा प्रोग्राम तो लिहून देईल; रोज कामावरून परतताना तासभर येईल. मामाने भिंगाआडून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि होकार दिला.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारचं स्टूल त्याचं झालं. पत्राच्या वर ठळक मथळा, मधोमध घड्याळाचा फोटो, खाली अहवालाची फाईल. मजकूर तो मला विचारून लिहायचा. नुसतं ‘आपले घड्याळ तयार आहे’ फार कोरडं वाटतं, थोडं गोड लिहा, असा त्याचा हट्ट. गोड बोलणं आमच्याकडे दुरुस्तीत धरत नाहीत, असं मी सांगून टाकलं. फोटो चाळताना तो एकदा थबकला. प्रत्येक घड्याळाच्या कडेला शाईचा डाग पडलेला माझा अंगठा आला होता. मी ओशाळून म्हटलं, सगळे परत काढते. तो म्हणाला, राहू द्या.

इथवर सगळं छान होतं. पण माशी शिंकली.

त्याच्या गजराच्या घड्याळाचा अहवाल चुकून जिला गेला होता, ती पोहण्याच्या तलावावर शिकवणारी एक बाई. अहवालावर त्याचा नंबर होता, म्हणून तिने थेट त्यालाच फोन लावला. म्हणजे या दोघांची ओळख कुणी करून दिली? मी. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात, पण इतका नेम धरून कुणी मारला नसेल.

आता, खऱ्या गिऱ्हाइकांना कच्ची पत्रं जायला नकोत म्हणून चाचणीची सगळी पत्रं एकाच पत्त्यावर जायची. तो पत्ता तिचा. तिच्याकडे जुना फोनही आहे आणि नवा कॉम्प्युटरही, दोन्हीकडे पत्र कसं दिसतं ते ती लगेच कळवते, असं त्याने मला कौतुकाने सांगितलं. मी मान डोलावली आणि एका पावतीवर इतक्या जोरात शिक्का मारला, की आत मामाच्या हातातला स्क्रू उडाला.

मग ती स्वतःच दुकानात आली. स्टॉपवॉच द्यायला म्हणे. उंच, ओले केस मागे बांधलेले, चालणं कसं ऐटदार. काही खोट सापडते का म्हणून मी नीट निरखून पाहिलं… नाही सापडली. त्याच्या खांद्यावर थाप मारून ती माझ्याकडे वळली. “चिमटी तूच ना?” म्हणजे माझं नावही हा तिला सांगून बसला होता. माझा नुसता तिळपापड झाला. तिला दिलेल्या पावतीवर मी तारीख आठवडाभर पुढची टाकली.

घरी गेल्यावर मी स्वतःला समजावायचे. तो तुझा कोण? कुणी नाही. मग? मग काय, तरी जळत होतं. पाठवलेल्या पत्रांची यादी मी रोज बघायचे. एकोणीस, चोवीस, एकतीस… सगळी तिलाच. एकही उघडून वाचलं नाही हं. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत, एवढं वळण आईने लावलंय.

पत्ता बदलू नये, असं मात्र तिने कधी सांगितलं नव्हतं.

शेवटचा दिवस उजाडला. शेवटची चाचणी झाली की प्रोग्राम पुरा, आणि त्याचं येणंही बंद. तो फोन घ्यायला बाहेर गेला. मी चाचणीच्या रकान्यातला तिचा पत्ता पुसला आणि माझा घातला. एक तरी पत्र त्याच्याकडून मला यावं, मग ते घड्याळाचं का असेना.

तो परत आला, प्रत्येक पत्राच्या वर लिहायचा तशी काय बदललं त्याची टीप लिहिली आणि बटण दाबलं. त्याच क्षणी माझ्या खिशातला फोन थरथरला. त्याने माझ्या खिशाकडे पाहिलं. मी फोन काढून वाचू लागले.

‘मॅडम, मथळ्याचा रंग बदलला, फाईल आता जुन्या फोनवरही उघडेल. फोटोतला अंगठा कापा, असं तुम्ही सातव्यांदा सांगताय. नाही कापणार. प्रत्येक घड्याळात मला आधी तोच दिसतो. मुद्दाम चुका शिल्लक ठेवून किती दिवस तिथे जाणार, हे तुमचं म्हणणं पटलं. आज चुका संपल्या. तिला विचारायचं धाडस मात्र अजून…’

वर पाहिलं, तर तो पडद्यावरच्या पत्त्याकडे बघत होता. कान लाल झाले होते.

“पत्ता कुणी बदलला?”

“मी.”

“का?”

“एकतीस पत्रं तिला गेली. मला एकही नाही.” आता मागे हटायचं नव्हतं. “जळले मी. दुसरं काय.”

आत मामाच्या हातोडीची ठकठक थांबली. हा मात्र काउंटरवरच्या माझ्या हाताकडे पाहत राहिला.

“मग आता… पत्ता परत तिचा करू?”

“करून बघा.”

“बघा नको,” तो हळूच म्हणाला.

“करून बघ,” मी म्हणाले.

त्याने पत्ता तसाच राहू दिला. मग म्हणाला, की उद्यापासून इथे यायला त्याच्याकडे काहीच कारण उरलेलं नाही. “तरी आलो तर?”

“स्टूल आहे तिथेच आहे.”

दुसऱ्या दिवशी तो अर्धा तास आधीच आला. प्रोग्रामने पहिलं खरं पत्र पाठवलं ते तलाववाल्या बाईंना. त्यांचं स्टॉपवॉच मी तारखेच्या चार दिवस आधी मामाकडून करून घेतलं होतं. फोटोत स्टॉपवॉच एका बाजूने मी धरलं होतं, दुसऱ्या बाजूने त्याने. दोन मिनिटांत त्यांचं उत्तर आलं: ‘एक कापा म्हणाले, तर दोन झाले. अभिनंदन.’

वाचून मी हसले, खरंच हसले. पण उत्तर दुकानाच्या पत्त्यावर न येता त्याच्या फोनवर का आलं, ते मात्र मी त्याला विचारणार आहे.