लोखंड बाहेर ठेवून

बुधवारी संध्याकाळी बाबा ओट्यावर बसून चपलेतले खिळे पकडीने उपसत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना झरी जामणीच्या जंगलात जायचं होतं. तिथल्या खड्ड्यात त्यांनी बसवलेल्या चुंबकमापकाजवळ खिळासुद्धा चालत नसे. मी चहा ठेवला आणि आत गेले. गुरुवारी पहाटे बाबा उठलेच नाहीत.

चौदाव्या दिवशी मी निघाले. सोबत श्रावण, सात वर्षं बाबांना वाट दाखवणारा कोलाम आदिवासी माणूस. पाऊस वाढत होता. खड्डा भरण्याआधी त्या बुधवारच्या रात्रीची नोंद बाहेर काढायची होती!

सूर्याकडून येणारा वारा पृथ्वीचं चुंबकी क्षेत्र रात्रीच्या बाजूला शेपटीसारखं ताणतो. ताण अचानक सुटतो आणि ध्रुवांकडे आकाशात प्रकाश उसळतो. पण सुरुवात कुठे होते? पृथ्वीपासून साठ हजार किलोमीटरवर, की त्याच्या दुपटीहून दूर? इथे यवतमाळ जिल्ह्यात तो प्रकाश दिसत नाही. चुंबकमापकाची रेघ तेवढी काही मिनिटं थरथरते. त्या रात्री मोजमाप करणारे उपग्रह त्या शेपटीत होते. त्यांच्या नोंदींशी आमच्याकडची वेळ जुळवली, तर उत्तराच्या थोडं जवळ जाता येणार होतं.

नाला गुडघाभर होता, ओलांडला. पुढे सागाच्या ओल्या पानांखाली वाट हरवली, तरी श्रावण चालतच राहिला. पांढऱ्या दगडांच्या रांगेशी तो थांबला. कुऱ्हाड, विळा, माझा फोन, लॅपटॉप, सगळं तिथेच ठेवलं. बाबांचा, म्हणजे श्रावणच्या सरांचा, नियम.

पन्नास पावलांवर खड्डा. पाणी झाकणाच्या कडेला टेकलेलं. मी वाकले. बांबूत काहीतरी फुरफुरलं.

अस्वल! दहा हातांवर, मागे दोन पिल्लं.

श्रावण हलेना. नोंद अजून चालू होती. "सरानं दगडाच्या आत लोखंड कधी आनू देलं नाई, ताई," तो पुटपुटला.

"आता मी सांगते. आणा."

तो मागे सरकत गेला, मग दगडांकडे धावला. अस्वल उभं राहिलं. खण्ण! आत आणलेली कुऱ्हाड त्यानं खडकावर आपटली. पुन्हा! पुन्हा! अस्वल वळलं, पिल्लांना घेऊन बांबूत शिरलं. मी झाकण उचलून नोंदीचं कार्ड उपसलं.

दगडांपाशी ठेवलेलं सामान उचलून परतलो, तर नाला छातीपर्यंत आला होता. कुऱ्हाडीच्या दांड्याचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं मी. लॅपटॉप माझ्या डोक्यावर, कार्ड दातांत. पाय दोनदा सुटले, दांडा सुटला नाही.

पलीकडे मी लॅपटॉप उघडला. बुधवार, रात्री आठ बावन्न. सरळ रेघ थरथरली, पाच वेळा, आणि निवली. स्वच्छ! रेघेच्या अगदी शेवटी, आजच्या नोंदीत, मात्र एक उंच उडी होती.

"हे कायचं हो?" श्रावणनं विचारलं.

"तुमची कुऱ्हाड."

"सर लय रागावले असते," तो म्हणाला, आणि हसता हसता तोंड फिरवून बिडी शोधू लागला.

नाल्याच्या आवाजात मी जंगलाकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "बाबा, मला त्या खड्ड्याचा हेवा वाटायचा. मलाही बरोबर यायचं होतं."