पोलेंग कुणाला ओळखतो

शेपटी हलली म्हणजे कुत्रा खूश, असं सगळी मुलं समजतात. तीस वर्षं शाळेत शिकवताना मी त्यांची ही समजूत मोडत आलो. शेपटी ताठ वर आणि नुसतं टोक हलतंय, तर लांब राहा. जीभ पुन्हापुन्हा ओठांवरून फिरतेय, झोप नसताना जांभई येतेय, तर तो घाबरलाय. पण कंबरेपासून सगळं अंग हलतंय, कान मागे पडलेत, डोळे मिटल्यासारखे झालेत, तर तो आपल्या माणसाला भेटतोय. हे सोंग कुत्र्याला आणता येत नाही.

आमचं गाव बालीत, उबुदच्या वरच्या अंगाला. गल्लीत बारा दारं आणि प्रत्येक दारात एक कुत्रा. सातव्या दारातला आमचा पोलेंग, काळा-पांढरा, सहा वर्षांचा. घरात माणसं दोनच: मी आणि माझी नात सेकार, नऊ वर्षांची. तिचे आईवडील प्रवासी बोटीवर नोकरीला. निघताना सून म्हणाली होती, "बाबा, घर नाही झाडलं तरी चालेल. हिच्याकडे तेवढं बघा."

न्येपीच्या दुपारी ते घडलं. न्येपीला आमचं आख्खं बेट गप्प बसतं. चूल नाही, दिवा नाही, दाराबाहेर पाऊल नाही. त्या दिवशी वरून जे काही जातं, त्याला बेट ओस वाटलं पाहिजे, असं लहानपणी आम्हाला सांगायचे. मी मुलांना एवढंच सांगतो की वर्षातून एक दिवस गप्प बसलं तर काही बिघडत नाही. पण कुत्र्यांना कोण सांगणार? पोलेंग सकाळीच बाहेर सटकला होता.

ओसरीवर माझा डोळा लागला. उघडला तेव्हा सेकार दारातून आत येत होती.

"कुठं गेली होतीस?"

"पोलेंगला आणायला. ओढ्यापर्यंतच. कुणी नाही बघितलं, पेकाक." पेकाक म्हणजे आजोबा.

"मग आणलास का?"

"नाही आला."

गावच्या पहारेकऱ्यांनी पाहिलं असतं तर मास्तरांची नात म्हणून माझीच शोभा झाली असती, एवढंच मी बोललो. ती माझ्याजवळ येऊन बसली.

वीस मिनिटांनी पोलेंग आला. मान डावीकडे वर वळवून, कुणाच्या तरी पायांना लागून चालावं तसा हळूहळू. आमच्यासमोरून गेला आणि थेट सेकारच्या खोलीत शिरला.

दोन दिवसांनी शाळा सुरू झाली. सेकार साडेबाराला घरी आली. एरवी तिची चप्पल वाजली की पोलेंग गल्लीच्या टोकापर्यंत धावायचा. त्या दिवशी तो उठला नाही. ती जवळून गेली तेव्हा त्याने तोंड फिरवलं आणि जांभई दिली.

एकाला दहा कमी असताना तो उठला. दाराशी धावला. त्याचं सगळं अंग कंबरेपासून हलत होतं, कान मागे पडले होते. दारात कुणी नव्हतं. तो कुणाभोवती तरी दोनदा फिरला, मान वर करून चालत अंगण ओलांडून सेकारच्या खोलीत गेला आणि तिच्या पलंगापाशी आडवा झाला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही.

मला आधी रेबीजची भीती वाटली. आमच्याकडे ती वाटायलाच हवी. एकाएकी वागणं बदललं की पहिला संशय तोच. मी त्याच्यापुढे पाणी ठेवलं. तो गटागटा प्यायला. लाळ गळत नव्हती, जबडा लोंबत नव्हता, आवाज घोगरा झाला नव्हता. तरी मी त्याला तालुक्याला डॉक्टर राईंकडे नेलं. त्या माझ्याच विद्यार्थिनी.

"गुरुजी, तुमच्यापेक्षा तब्येत चांगली आहे याची," कान, दात, हिरड्या बघून त्या म्हणाल्या. "लसही वेळेवर झालीय. मुलीला काही झालं होतं का? ताप, नवं औषध, नवा साबण? वास बदलला की कुत्री बिचकतात."

"काही नाही."

"मग असं करा. तिचा एक जुना, न धुतलेला कपडा आणि एक आताचा, दोन्ही त्याच्यापुढे टाका. बघा काय करतो."

न्येपीच्या तीन दिवस आधी समुद्रावर मिरवणूक गेली होती, तेव्हा सेकारने कमरेला बांधलेला पिवळा शेला खुंटीवर तसाच होता. तो मी अंगणात टाकला. शेजारी तिचा त्या दिवशीचा शाळेचा सदरा.

पोलेंगने शेल्यात तोंड खुपसलं आणि डोळे मिटले.

मग सदरा हुंगला. त्याच्या पाठीवरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत उभे राहिले. तो भुंकला नाही. एकेक पाऊल मागे घेत भिंतीला टेकला आणि तिथेच मुतला.

संध्याकाळी मी सेकारला जवळ बसवलं. आईची बोट कुठली, पहिला दात कुठे पुरला, तापात तिने माझ्याकडे काय मागितलं होतं, सगळं विचारलं. तिने सगळं बरोबर सांगितलं. एकदाही आठवायला थांबली नाही.

"पेकाक, परीक्षा आहे का?" ती हसली. मग तिचे डोळे भरले. "तो मला ओळखत नाही. तुम्ही तरी ओळखता ना?"

मी तिला पोटाशी धरलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. दुसरं काय करणार होतो?

नवव्या दिवशी ती पलंगावर बसायला गेली तेव्हा पोलेंग मध्ये उभा राहिला. दात दिसत होते. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याची पाठ मागच्या रिकाम्या पलंगाला अगदी चिकटलेली होती. सेकार किंचाळली. त्याने तिच्या मनगटापाशी हवेत चावा घेतला. कातडीला लागला नाही, पण पुढच्या वेळी लागला असता.

मी पुतण्याला बोलावलं. सुदिर्ता वर किंतामणीच्या डोंगरात संत्र्यांची बाग करतो.

"काका, इतकी वर्षं लोकांना सांगत आलात, कुत्रा सोडून देऊ नका म्हणून," तो पिंजरा मोटारसायकलला बांधत म्हणाला. "आता गावाला काय तोंड दाखवाल?"

"नातीला चावला तर सुनेला काय तोंड दाखवू?"

"वेडाबिडा झालाय का तो?"

"नाही. तू त्याला रोज फिरव. भात दे, मासा दे. हाड शिजवलेलं देऊ नको."

पोलेंगने धडपड केली नाही. गाडी वळेपर्यंत तो आमच्या दाराकडे बघत होता. मी हात वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी सेकार साडेबाराला आली. बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागली होती. मी भात, आंबवलेल्या सोयाबीनचं तळलेलं टेंपे आणि मिरचीचा ठेचा वाढला. आम्ही ओसरीवर जेवायला बसलो.

एकाला दहा कमी होते.

गल्लीच्या टोकाला पहिल्या दारातला कुत्रा कुईकुई करू लागला. भुंकणं नव्हे. आपलं माणूस दिसल्यावर करतात तसं.

मग दुसऱ्या दारातला.

तिसऱ्या. चौथ्या. सेकार लहानपणापासून त्या सगळ्यांना भाताचे गोळे घालत आली होती.

पाचव्या. सहाव्या.

मग काहीच ऐकू आलं नाही. आमच्या दारात आता सामोरं जाऊन आत आणायला कुत्रा नव्हता. मी घास हातात धरून बसलो.

आठव्या दारातला कुत्रा आनंदाने केकाटला.

मग नवव्या, दहाव्या, थेट बाराव्या. आवाज ओढ्याकडे गेला. थोड्या वेळाने परत फिरला. बाराव्या. अकराव्या. दहाव्या. नवव्या. आठव्या.

सहाव्या.

मी उठायला लागलो. सेकारने माझं मनगट धरलं. तिची बोटं गार होती.

"बसा ना, पेकाक," ताटातून नजर न उचलता ती म्हणाली. "दमली की जाईल ती."